चुन्याची निवळी

उर्वी पाळणाघरातून आली की शाल्मली आधी तिच्या तोंडाचा वास घ्यायची. बघणाऱ्याला वाटावं, आई लेकीची पापी घेतेय. पण पापी घेता घेता नाक आपलं काम करून जायचं. दूध प्यायली का, कुणी गोळी-चॉकलेट दिलं का, घसा बसायला लागलाय का. साडेतीन वर्षांची पोर म्हणजे शाल्मलीचं रोजचं वर्तमानपत्र होतं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचल्याशिवाय तिला चहा गोड लागत नसे.

जानेवारीत उर्वी घरचा डबा सोडून पाळणाघरातलं जेवायला लागली, आणि दुसऱ्या आठवड्यात एके दुपारी त्या तोंडाला चुन्याचा वास आला.

शाल्मली उर्वीला कडेवर घेऊन तशीच उभी राहिली. हा वास तिने डोळे मिटून ओळखला असता. तिचे वडील, दादा, एस.टी.त कंडक्टर होते. दोन तोंडांची पत्र्याची डबी, एकीकडे तंबाखू, एकीकडे चुना, आणि तळहातावर अंगठा. बावन्नाव्या वर्षी त्यांचा अर्धा जबडा काढला. पुढचे आठ महिने शाल्मलीने त्यांना नळीतून पेज भरवली. तेव्हा ती बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती, आणि रसायनशास्त्राच्या वहीत चुन्याचं समीकरण लिहितानाही तिला त्या डबीचा वास यायचा.

"अगं, मक्यात चुना घालायची सरकारी पाककृती आहे ती," रात्रपाळीहून आलेला पराग डोळे चोळत म्हणाला. तो सौरक्षेत्रावर देखभाल अभियंता होता. "हजारो वर्षं लोक खात आलेत."

"माझे वडीलही तीस वर्षं खात होते," शाल्मली म्हणाली.

यावर कुणालाच काही बोलता येत नसे, आणि ते शाल्मलीला ठाऊक होतं.

भानखेडा वसाहत ही धुळे जिल्ह्यातल्या एका उजाड पठारावर, सौरपाट्यांच्या कडेने उगवलेली वस्ती. पंधरा-वीस घरं अभियंत्यांची, बाकी दोनशे घरं पाट्या धुणाऱ्यांची. पाटीवर धूळ बसली की वीज घटते, म्हणून बायका पहाटेपासून ऊन चढेपर्यंत एका बाजूच्या ओळी धुवायच्या आणि दुपारनंतर अंधार पडेपर्यंत दुसऱ्या बाजूच्या. मधल्या वेळात पंपांची, नळ्यांची सफाई. त्यांची मुलं दिवस उजाडायच्या आत पाळणाघरात यायची आणि तिन्ही वेळचं तिथेच जेवायची. अभियंत्यांची चार-पाच मुलं दहाला यायची आणि एक वेळ जेवून दोनला घरी जायची. घरी त्यांच्यासाठी वरण असे, दूध असे, शेंगदाण्याचा लाडू असे.

पाळणाघरात शिजायचा तो मका, आणि त्याचं कारण हवेत होतं. गव्हाला दाणा भरताना रात्रीचा गारवा लागतो. सलग चार वर्षं फेब्रुवारीतल्या रात्री तापत राहिल्या आणि ओंब्या पोचट निघाल्या. डाळींनीही हात आखडला. मका तेवढा उभा राहिला. मग प्रश्न आला, की केवळ मक्याच्या आधाराने माणसं धडधाकट जगली अशी जगात कुठे उदाहरणं आहेत? उत्तर मिळालं मध्य अमेरिकेच्या जंगलात. तिथल्या प्राचीन माया लोकांची मंदिरं आणि पंचांगं सगळ्यांना माहीत होती. त्यांच्या चुलीवर काय शिजत होतं, ते नेमकं कळलं खापरवाचक यंत्र आल्यावर.

भाजलेल्या मातीला अतिसूक्ष्म भोकं असतात. शिजलेल्या अन्नाचा अंश त्यांत जाऊन बसतो. कधी तेलाचा, कधी पिठाचा, कधी प्रथिनाचा एखादा तुकडा. आणि तो तिथे हजार-दोन हजार वर्षं निवांत राहतो. खापरवाचक त्या मातीचा थर न् थर प्रकाशाने चाळत जायचा आणि सांगायचा, आधी काय शिजलं, त्यावर काय, किती दिवस. राजवाड्यांतले कोकोचे पेले वाचून झाले, पण खरी बोलकी निघाली ती साध्या घरांतली फुटकी मडकी. त्या बायका मका चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर तसाच ठेवायच्या, सकाळी चोळून साल काढायच्या, धुऊन ओलाच वाटायच्या. त्याची भाकरी, त्याचेच पानात गुंडाळून वाफवलेले उंडे, त्याचीच पातळ पेज. सोबत घेवडा, भोपळ्याच्या भाजलेल्या बिया, मिरची, हिरवा पाला.

हेच जेवण 'माया थाळी' या नावाने पाळणाघरांत आलं. चुना अॅल्युमिनिअमला खातो म्हणून भिजवायला मातीची मडकी दिली. भिंतीवर बोटाने दाबून चालणारा एक संगणकी फळा बसवला, तो रोजची कृती पायरीपायरीने दाखवायचा. पहिल्या वर्षी घेवडा आणि बियाही आल्या. दुसऱ्या वर्षी त्यांचा पुरवठा आटला. मका येत राहिला, आणि चुना.

कृतीत बदल करायचा अधिकार माता समितीला होता. समितीत सात जणी, आणि शाल्मली त्यांची अध्यक्ष, कारण ती एकटीच पदवीधर होती. बैठक तिने सकाळी अकराला ठेवली. त्या वेळी पाट्या धुणाऱ्या चौघी पंपांवर असतात हे तिला माहीत होतं. म्हणूनच तिने ती वेळ ठेवली असं नाही. पण बदललीही नाही.

आलेल्या दोघी शाल्मलीच्याच गल्लीतल्या. "मुलांना तंबाखूचा चुना खायला घालतात," हे वाक्य ऐकून त्यांचे चेहरे कसेनुसे झाले, आणि मग अंगठे उमटायला वेळ लागला नाही.

फळ्याने विचारलं, बदलाचं कारण? खाली पर्याय होते. चव, वास, अॅलर्जी, धार्मिक, इतर. शाल्मलीने 'वास' निवडलं. फळ्यावर एक वर्तुळ फिरलं आणि अक्षरं आली: 'चुन्याविना मक्याची कृती संग्रहात आहे. प्राचीन. प्रमाणित. वापरायची का?'

शाल्मलीला हायसं वाटलं. म्हणजे त्या लोकांतही तिच्यासारखी कुणीतरी होतीच. शेजारी बारीक अक्षरांत 'अधिक माहिती' लिहिलेलं होतं. तिने 'होय' दाबलं.

स्वयंपाकघरातल्या मदतनीस जामनाबाई पावरा दारात उभ्या राहून हे बघत होत्या. पन्नाशीच्या, सातपुड्याच्या बाजूच्या, मक्याच्या भाकरीवरच वाढलेल्या. माया लोकांना त्या 'त्या बाया' म्हणायच्या, जणू पलीकडच्या पाड्यावरच राहतात.

"त्या बायांनी चुना घातला आसंल तर काही बघूनच घातला आसंल ना, ताई?"

"त्यांना दुसरं काही माहीत नव्हतं, जामनाबाई. आपल्याला आहे."

"मंदिरं बांधता येत होती, आन् हे माहीत नव्हतं," जामनाबाई स्वतःशीच म्हणाल्या आणि आत गेल्या.

दहा दिवसांनी उर्वीच्या तोंडाला पुन्हा तो वास आला. अगदी पुसट, पण शाल्मलीच्या नाकातून सुटेल इतका नव्हे. दुसऱ्या दिवशी ती न सांगता मागच्या दाराने स्वयंपाकघरात गेली. जामनाबाई मडक्यापाशी बसल्या होत्या. कमरेच्या चंचीतून काढलेली डबी, बोटावर चुना, आणि ते बोट पाण्यात.

"हे काय चाललंय?"

जामनाबाई दचकल्या नाहीत. "भाकर तुटते, ताई. चुन्याबिगर पीठ धरत नाही. पोरं तुकडे सांडतात, अर्धी भाकर खाली जाते."

"गरम पाण्यात मळा."

"मळलं. तरी तुटते."

शाल्मलीने फोन काढून फोटो घेतला. बोट, डबी, मडकं, सगळं एका चौकटीत. तक्रार तिने तिथेच उभ्या उभ्या लिहिली. 'मदतनीस स्वतःच्या तंबाखूच्या डबीतील चुना मुलांच्या अन्नात परस्पर मिसळतात.' शब्दाशब्दाने खरी होती ती. संध्याकाळी पाळणाघराच्या प्रमुख सोनवणे ताईंनी जामनाबाईंना लेखी समज दिली. दुसऱ्या दिवशी डबी चंचीतच राहिली.

मार्चच्या शेवटी उन्हं कडक झाली. पाट्यांची चकाकी डोळ्यांत घुसू लागली, आणि तेजलच्या मानेवर चट्टा उठला.

तेजल उर्वीची मैत्रीण, चार वर्षांची. तिची आई लीलाबाई पाट्या धुवायची. शाल्मलीनेच तो चट्टा सगळ्यांत आधी पाहिला. मानेभोवती तांबूस-काळा पट्टा, गळ्यात काही घातल्यासारखा. हातांच्या पाठीवर तसलीच भाजल्यासारखी, सालपटं निघालेली कातडी. पोर चिडचिडी झाली होती, सारखी परसाकडे धावायची, आणि मध्येच कुठेतरी बघत बसायची.

शाल्मली सोनवणे ताईंना बाजूला घेऊन म्हणाली, "खरूज-बिरूज असेल. तिला जरा वेगळं बसवा ना. इतर मुलांच्या काळजीने म्हणतेय."

तेजलला दाराजवळ वेगळी सतरंजी मिळाली, वेगळी थाळी मिळाली. उर्वी दोन दिवस रडली. तिसऱ्या दिवशी शाल्मलीने तिला मांडीवर घेऊन नीट समजावलं. "जवळ जायचं नाही, बेटा. लागतं ते." उर्वी शहाणी मुलगी होती. तिने ते बाकीच्या मुलांनाही समजावलं.

एप्रिलच्या दहा तारखेपर्यंत दाराजवळ अकरा मुलं बसत होती. अभियंत्यांच्या घरचं त्यांत एकही नव्हतं.

धुळ्याहून डॉ. अंजुम तडवी आल्या. तिशीतल्या, घाईघाईने चालणाऱ्या. त्यांनी तेजलची हनुवटी वर केली, मानेवरचा पट्टा पाहिला, आणि त्यांची घाई थांबली.

"हे मी फक्त पुस्तकात पाहिलंय," त्या म्हणाल्या. मग एकेका मुलाची मान बघून झाल्यावर विचारलं, "यांना मका भिजवून देता ना? चुन्यात?"

सोनवणे ताई फळ्याकडे बघू लागल्या. शाल्मली उर्वीची पिशवी घेऊन दारातच उभी होती.

"मक्यात बी-तीन जीवनसत्त्व असतं," डॉक्टर जमलेल्या बायकांना सांगू लागल्या, "पण बांधलेलं असतं. तुम्ही शेंगदाणा टरफलासकट गिळलात तर पोटात जाईल, पण अंगी लागणार नाही, तसं. चुन्याच्या पाण्यात ते टरफल सुटतं. घरी डाळ, दूध, दाणे मिळत असतील तर मक्यातलं नाही मिळालं तरी निभावतं. पण तिन्ही वेळा मकाच, तोही बिनचुन्याचा, तर दोन-अडीच महिन्यांत अंगातली शिल्लक संपते. मग ऊन लागेल तिथे कातडी जळते. पोट बिघडतं, डोकं सुन्न होतं. पुढे माणूस दगावतोसुद्धा. मका जहाजातून युरोपात गेला तेव्हा लोकांनी दाणा नेला, चुना तिथेच ठेवला. पुढे कित्येक पिढ्या गळ्यात हीच माळ घेऊन मेल्या." त्यांनी तेजलच्या गालावर हात ठेवला. "ही नाही मरणार. गोळ्यांनी आठवड्यात उतार पडेल. हे संसर्गाचं नाही. हिला दाराजवळ कुणी बसवलंय?"

शाल्मलीने उर्वीचा हात धरला आणि ती बाहेर पडली. चालताना तिला आपल्या चपलांचा आवाज फार मोठा येत होता.

अल्कलीचं पाणी, बंध तुटणं, मोकळा झालेला अंश. तिने हे वहीत लिहिलं होतं. तिला त्यात पहिला वर्ग होता.

दोन दिवसांनी डॉक्टर छोटा खापरवाचक घेऊन आल्या, पेटीएवढा. पाळणाघराचंच मडकं त्याच्यासमोर ठेवलं. गेल्या वर्षापासूनचा थर पडद्यावर उमटला. जानेवारीच्या मध्यापर्यंत जाड पांढरी रेघ, मग कोरी माती. तिच्यावर एक केसासारखी बारीक रेघ.

"इथे नऊ दिवस कुणीतरी थोडा चुना घातलाय. वेगळा, पानाच्या टपरीवर मिळतो तसला. मग काहीच नाही."

चौकशी अधिकारी बोरसे साहेबांना एवढं पुरेसं होतं. फळ्यावरची कृती प्रमाणित, म्हणजे फळ्याचा दोष नाही. बदल समितीच्या मंजुरीने, म्हणजे समितीचाही नाही. राहिला हात. आणि त्या हाताविरुद्ध फाइलमध्ये आधीच एक तक्रार होती, फोटोसकट. अन्नात परस्पर ढवळाढवळ करण्याची त्या बाईला सवयच आहे.

त्यांनी शाल्मलीला फोन केला. "मॅडम, गुरुवारी चारला या. तुमचीच तक्रार आमचा मुख्य पुरावा आहे. तुमच्यासारख्या जागरूक पालकांमुळे हे उघडकीला आलं."

"त्यांना काढणार का?"

"काढणार तर आहेच. पुढे पोलीसही आहेत."

फोन ठेवल्यावर शाल्मलीने फरशी पुसली. पुसलेली पुन्हा पुसली. मग ती पाळणाघरात गेली, रिकाम्या स्वयंपाकघरात फळ्यासमोर उभी राहिली, आणि जानेवारीत न दाबलेलं 'अधिक माहिती' तिने दाबलं.

'ही कृती शेतात देवांपुढे ठेवण्याच्या पेयाची आहे. माणसांच्या रोजच्या अन्नात आढळलेली नाही.'

एवढंच लिहिलेलं होतं. देवांचं पोट तेवढ्यावर भागत असावं.

घरी आल्यावर तिने आईला फोन लावला. काय विचारायचं ते ठरलं नव्हतं. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि मग तोंडातून निघालं, "आई, मला लहानपणी कधी चुना दिला होतास?"

"तुला? अगं, निवळी देत होते की. चुन्याची निवळी. तुला दात उशिरा आले ना, म्हणून. रात्री भिजवायचा, सकाळी वरचं निवळ पाणी घ्यायचं, चमचाभर, दुधातून. तुझे दादाच करून द्यायचे. त्यांच्या डबीतला नाही हं, त्यांनी वेगळा आणून ठेवला होता कळीचा, कागदात बांधून. 'माझ्या पोरीचे दात चिरेबंदी व्हायला हवेत' म्हणायचे. का गं?"

"काही नाही. सहज."

शाल्मलीची जीभ नकळत आपल्याच दातांवरून फिरली. चिरेबंदी होते.

"मी तुला गप्प बस म्हणत नाही," गुरुवारी सकाळी पराग म्हणाला. बुटाची नाडी बांधताना त्याने मान वर केली नाही. "पण आपल्याला इथेच राहायचंय. त्या दोनशे घरांसमोरून रोज जायचंय तुला, उर्वीला घेऊन. तू काही मुद्दाम नाही केलंस. डॉक्टरच म्हणाल्या ना, बरी होतायत मुलं."

"आणि जामनाबाई?"

पराग नाडीची गाठ सोडून पुन्हा बांधू लागला.

चारला पाळणाघराचा मोठा हॉल भरला होता. धुणाऱ्या बायका भिजल्या साड्यांनीच आल्या होत्या. हीही बैठक त्यांच्या कामाच्या वेळेतच होती, तरी त्या काम टाकून आल्या होत्या, हे शाल्मलीला दारातच जाणवलं. टेबलावर प्लास्टिकच्या पिशवीत डबी ठेवली होती. दोन तोंडांची, पत्र्याची. जामनाबाई भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या.

"ही डबी तुमची?" बोरसे साहेबांनी विचारलं.

"माझीच. परत द्या, दोन दिवस झाले, तोंड फिकं पडलंय."

बायका हसल्या. बोरसेंनी मान हलवून त्यांना गप्प केलं.

"यातला चुना मुलांच्या अन्नात घातलात?"

"घातला."

"कुणाला विचारून?"

"भाकरीले विचारलं, साहेब. ती तुटत होती."

पुन्हा हशा झाला, पण या वेळी लवकर विरला. बोरसेंनी लिहून घेतलं. मग त्यांनी शाल्मलीकडे बघून हसरा चेहरा केला. "या, भामरे मॅडम. तुम्ही काय पाहिलंत ते सांगा."

शाल्मली उभी राहिली. घरून तिने वाक्यं ठरवून आणली होती. नेमकी, नम्र वाक्यं. त्यांतलं पहिलं 'माझा हेतू' असं सुरू होत होतं. ते ओठांवर आलं आणि तिला त्याचा वास आला.

"चुना मी बंद केला," ती म्हणाली. "जानेवारीत. फळ्यावर अंगठा माझा आहे. मला वास आवडला नाही, म्हणून. बैठकीत या कुणी नव्हत्या. वेळ मी ठेवली होती. जामनाबाईंनी मला सांगितलं होतं, त्या बायांनी बघूनच घातला असेल. मी ऐकलं नाही. मग त्यांनी नऊ दिवस स्वतःच्या डबीतला घातला, तेव्हा मी तक्रार केली. तो फोटो मी काढला." तिला वाटलं, संपलं. पण संपलं नव्हतं. "मी केमिस्ट्री शिकलेय. मला हे माहीत असायला हवं होतं. माहीत होतंच."

बोरसे साहेबांचं पेन हवेतच राहिलं. "मॅडम, तुम्ही जरा विचार करून..."

"त्या नऊ दिवसांमुळे दुखणं थोडं लांबणीवर पडलं असेल," मागून डॉ. तडवी म्हणाल्या. "बाईंनी घातला नसता तर मुलं याहून वाईट असती."

कुणी ओरडलं नाही. शाल्मली त्यासाठी तयार होऊन आली होती. शिव्या, आरडाओरडा, अंगावर येणं. बायका नुसत्या बघत होत्या, पाण्याने पांढऱ्या पडलेल्या बोटांनी पदर पिळत. मग दुसऱ्या रांगेतली लीलाबाई उठली. लहानखुरी, पंचविशीची. शाल्मलीपेक्षा वयाने कमीच.

"चुन्याचं समजलं, म्याडम," ती म्हणाली. "माझ्या तेजलले दाराजवळ कोणी बसवलं?"

चुन्याचं शाल्मलीने घरून ठरवून आणलं होतं. हे नव्हतं आणलं. तिने सोनवणे ताईंकडे पाहिलं. त्या जमिनीकडे बघत होत्या. त्यांनी स्वतःहून काही सांगितलं नसतं. बोरसेही विचारणार नव्हते, त्यांच्या अर्जात तसला रकाना नव्हता.

"मी," शाल्मली म्हणाली.

"तुमची पोर कुठं बसायची?"

"खिडकीपाशी."

लीलाबाईने मान हलवली, हिशेब जुळल्यासारखी, आणि खाली बसली. तिने पुन्हा शाल्मलीकडे पाहिलं नाही.

बोरसेंनी शाल्मलीचं म्हणणं लिहून घेतलं, सही घेतली. समितीवरून तिचं नाव निघालं. पुढे काय ते वरून कळेल, म्हणाले. डबी पिशवीतून बाहेर आली. जामनाबाईंनी ती उघडून बघितली, चुना वाळला होता. त्यांनी तोंड वाकडं केलं, डबी चंचीत टाकली, आणि जाता जाता शाल्मलीपाशी थांबल्या.

शाल्मली म्हणाली, "जामनाबाई, माझं चुकलं. मला..."

"ते ठेवा तुमच्यापाशी," जामनाबाई म्हणाल्या. रागाने नव्हे, हातात ओझं असताना कुणी आणखी काही द्यावं तसं. "सकाळी सहाला या. सालं चोळायला हात लागतात. माझा खांदा दुखतो."

शाल्मली गेली. दुसऱ्या दिवशी गेली, तिसऱ्या दिवशीही. चुन्याच्या पाण्यातला मका हाताला बुळबुळीत लागायचा. साल सुटताना दाणा बोटांतून निसटायचा. पहिल्या आठवड्यात तिच्या बोटांच्या पेरांना चिरा पडल्या. जामनाबाई फारसं बोलत नसत. कधी म्हणायच्या, "हलक्या हातानं. त्या बाया इतक्या जोरानं नसतील चोळत." उर्वी एकदा तिचे हात हुंगून म्हणाली, "आई, तुला जामनामावशीचा वास येतोय," आणि तोंड फिरवून खेळायला गेली. रस्त्यात बायका आता तिच्याशी बोलत नसत. कुणी रस्ता सोडून जायची, कुणी नाही. शाल्मली मान खाली घालून चालायची आणि त्यातही तिला वाटायचं की आपण मान खाली घातलेली लोकांनी बघावी, असं तर आपल्या मनात नाही ना.

भाकरी तुटेनाशी झाली. घेवडा आला, भोपळ्याच्या बिया आल्या. डॉक्टरांनी वरपर्यंत भांडून आणवल्या. गोळ्यांनी मुलं सावरली. दाराजवळची सतरंजी सोनवणे ताईंनी उचलून माळ्यावर टाकली.

दुखण्यापायी घरीच ठेवलेली तेजल तीन आठवड्यांनी परत आली. माळ फिकी पडली होती, नवी कातडी गुलाबीसर दिसत होती. लीलाबाईने तिला उंबऱ्यात सोडलं आणि ती कामावर गेली.

दुपारी मुलं ओळीने बसली. शाल्मली वाढत होती. तेजलने आपली थाळी दोन्ही हातांनी धरून पुढे केली. शाल्मलीने भाकरी वाढली, घेवडा वाढला, बियांची चटणी वाढली. जरा जास्तच वाढली. खिडकीपाशी उर्वीच्या शेजारी जागा होती, शाल्मलीने ती मुद्दाम मोकळी ठेवली होती.

तेजलने तिकडे पाहिलंही नाही. थाळी सांभाळत, एकेक पाऊल टाकत ती दाराजवळ गेली आणि जिथे सतरंजी असायची तिथे, उघड्या फरशीवर, भिंतीकडे तोंड करून बसली. कुणी सांगितलं नव्हतं. तिला माहीत होतं.

शाल्मलीने हातातलं पातेलं खाली ठेवलं. ती दाराजवळ गेली आणि तेजलच्या शेजारी फरशीवर बसली.

तेजलने घास हातातच धरून तिच्याकडे पाहिलं. मग घाईघाईने आपली थाळी ओढून पलीकडे घेतली, आणि स्वतःही सरकली.

"इथं नका बसू, काकू," मोठ्या माणसाला समजावून सांगावं तशी ती म्हणाली. "लागतं ते."